गाळलेलं प्रकरण

पुण्यात नऊ वर्षं मी एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासली. त्या कामाने माणूस शहाणा होतो की नाही ते सांगता येणार नाही. संशयी मात्र होतो. नायिकेने दाराला कडी लावली असं एका पानावर असेल आणि पुढच्या पानावर पाहुणा आत येऊन बसलेला असेल, तर वाचक पुढे जातो. मी थांबायचे. मधला परिच्छेद गळलाय, लेखक विसरलाय, की टाइप करणाऱ्याने चार ओळी खाल्ल्यात? बहुतेक वेळा काहीतरी सापडायचंच. मग ही सवय पुस्तकांपुरती राहिली नाही. कुणी फार गोड बोललं की मला त्याच्या बोलण्यात गळती दिसायची.

नवऱ्याला रॉटरडॅमला नोकरी लागली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आम्ही शेजारच्या कापेल आन डेन आयसेल या गावात घर भाड्याने घेतलं. त्याचं ऑफिस तिथून मेट्रोने जवळ. त्याला इथे राहायचा परवाना मिळाला होता तो त्याच्या कौशल्यावर. माझ्या कार्डावर लिहिलं होतं, ‘जोडीदारासोबत वास्तव्य’. नोकरी करायला मला मनाई नव्हती. पण मराठीतले ऱ्हस्वदीर्घ सुधारणारीला इथे नोकरी कोण देणार? नवरा कधी नको म्हणाला नाही. तो म्हणायचा, घाई काय आहे, आधी सेट हो. मी चार वर्षं सेट होत होते.

चौथ्या वर्षी मी गावातल्या लायब्ररीत दर बुधवारी सकाळी भरणाऱ्या वाचनवर्गाला जायला लागले. डच शिकणाऱ्या बायकांसाठी तो फुकट वर्ग होता. शिकवायला यायच्या त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या निवृत्त शिक्षिका. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, भर पावसातही सायकलवर येणाऱ्या. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, शिक्षकांनासुद्धा. मला ते जमेना. मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचे. आम्ही पाचजणी होतो. त्यातल्या एका तुर्की आजींशी माझं जरा जमलं. त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं इथे राहून त्या डच भराभर बोलायच्या, वाचता मात्र येत नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर बाईंनी एक पातळ पुस्तक वाटलं. एकोणिसाव्या शतकातली एक डच कादंबरी होती, शिकणाऱ्यांसाठी सोपी करून शंभर पानांच्या आत आणलेली. गोष्ट साधी होती. नदीकाठच्या एका लहान गावात मुख्याध्यापकाची मुलगी असते, चोवीस वर्षांची. वडील वारतात आणि शाळेने दिलेलं घर सोडावं लागतं. तिच्यापुढे तीन वाटा असतात. भावाच्या घरी राहून त्याची मुलं सांभाळायची. परक्या श्रीमंत घरात शिकवणी करत राहायचं, जेवण नोकरांच्याही पंगतीत नाही आणि मालकांच्याही नाही. नाहीतर गावातल्या विधुर नोटरीशी लग्न करायचं. नोटरी म्हणजे घरांची, मृत्युपत्रांची कागदपत्रं करणारा, गावातला वजनदार माणूस.

बाईंनी विचारलं, तुम्ही काय निवडलं असतं?

तुर्की आजी लगेच म्हणाल्या, नोटरी. त्याला स्वतःचं घर आहे. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, शिकवणी. का, ते सांगण्याइतकं डच मला येत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की पगार मिळतो.

ती नोटरीशी लग्न करते. नोटरी वाईट नसतो. कधी आवाज चढवत नाही, दारू पीत नाही, बायकोला शाल आणून देतो. फक्त तिची पत्रं तो आधी स्वतः उघडतो आणि मग तिच्या ताटाशेजारी ठेवतो. तिला नको त्या गोष्टींचा त्रास होऊ नये म्हणून. त्यांना मुलगी होते. ती सहा वर्षांची असताना शेजारच्या शहरातल्या मुलींच्या शाळेतून पत्र येतं, फ्रेंच शिकवायला याल का म्हणून. हे पत्र ताटाशेजारी येत नाही. नोटरी स्वतःच आभार मानून नकार कळवतो. पुढे एकदा चर्चच्या पायऱ्यांवर त्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिला म्हणतात, तुम्ही नाही म्हणालात, फार वाईट वाटलं. तेव्हा तिला कळतं. ती मुलीला घेऊन बहिणीकडे निघून जाते. तीन आठवडे राहते. आणि शेवटच्या प्रकरणात परत येते. आपलं घर कुठे आहे ते तिला आता उमगलेलं असतं, असं लिहिलं होतं.

शेवटच्या पानावर ती दारात उभी असते, भिजलेली. नोटरी विचारतो, छत्री कुठे आहे? ती म्हणते, वकिलाकडे राहिली.

वर्गात सगळ्या या शेवटावर बोलत होत्या. कुणी म्हणे बरं झालं, कुणी म्हणे तेव्हाचा काळच तसा. मी पानं मागे चाळत होते. त्या सबंध पुस्तकात कुठे वकील नव्हता. मी हात वर करून विचारलं, हा वकील कोण?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चूक असेल, म्हणाल्या. सोपं करताना राहून जातं एखादं वाक्य. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि क्रियापदांची तालीम सुरू केली. अजून पंधरा मिनिटं चर्चेची होती. एरवी त्या घड्याळाला फार पक्क्या.

घरी येऊन मी सवयीने पुस्तकाचं श्रेयपान काढलं. प्रुफं तपासताना मी सुरुवात तिथूनच करायचे, कारण ते पान कुणी वाचत नाही आणि चुका तिथे सर्वांत जास्त असतात. बारीक अक्षरात लिहिलं होतं, सुलभ रूपांतर, आणि पुढे एक आद्याक्षर आणि आडनाव. ते आडनाव मी पाहिलेलं होतं. मागच्या महिन्यात वर्ग रद्द झाल्याची ईमेल आली होती, तिच्या खाली. रूपांतर बाईंचंच होतं. इतके आठवडे आम्ही त्यांच्या हातचं पुस्तक वाचत होतो आणि त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन मूळ कादंबरीची मागणी नोंदवली. ती मांडणीवर नव्हती, गोदामातून यायची होती.

त्याच रविवारी बाबांचा फोन आला. नेहमीसारखं बोलणं झालं, गुडघे, पेन्शनर मित्र, सोसायटीची मीटिंग. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “आता काय, थोडेच महिने.”

मी विचारलं, कशाचे? ते म्हणाले, काही नाही गं, असंच, दिवस भराभर जातात. माझ्या बाबांना खोटं बोलता येत नाही. खोटं बोलले की ते घाईने फोन आईकडे देतात. त्या दिवशी आईने फोन हातात घेतला आणि विचारलं, थंडी आहे का?

त्यानंतर मी नवऱ्याकडे निरखून बघायला लागले. तो काही फोन गॅलरीत जाऊन घेत होता, जानेवारीच्या थंडीत, स्वेटरशिवाय. मी खोलीत आले की लॅपटॉप मिटायचा, मग अवघडून पुन्हा उघडायचा. माझ्या डोक्यात नको नको ते आलं. दुसरी बाई, नोकरी गेली, काही आजार. विचारावं, तर आपण कुठल्या तोंडाने विचारायचं? हातात एक वाक्य होतं, थोडेच महिने. इतक्याशा पुराव्यावर मी पुस्तकातसुद्धा लेखकाला जाब विचारला नसता. आधी दुसरी प्रत शोधली असती.

मूळ कादंबरी दहा दिवसांनी आली. जाडजूड, तपकिरी कापडी बांधणीची, जुन्या स्पेलिंगची. मला दोन ओळींत चारदा अडायला व्हायचं. शेवटी मी मुलीला मदतीला घेतलं. ती आता नऊ वर्षांची होती, घरात मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र डचमध्ये यायचं. तिला जुनं स्पेलिंग गंमतशीर वाटलं. ती घडाघडा वाचायची आणि तिला अर्थ लागायचा नाही. मी ऐकायचे आणि मला हळूहळू लागायचा. शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रोज चार पानं, असं आमचं चाललं.

पंधरा-सोळा दिवसांनी तो वकील सापडला. अख्खं एक प्रकरण होतं.

बहिणीच्या गावात एक म्हातारा वकील असतो. नोटरीची बायको त्याच्याकडे जाते. तो तिला खुर्ची देतो, चहा मागवतो. ती दोन प्रश्न विचारते. शाळेच्या नेमणुकीच्या कागदावर मला सही करता येईल का? वकील म्हणतो, करता येईल, पण तुमच्या यजमानांच्या संमतीशिवाय ती सही सही नव्हे. मग ती विचारते, माझी मुलगी माझ्याजवळ राहू शकेल का? वकील सांगतो की मुलीवर अधिकार वडिलांचा. त्यांनी मनात आणलं तर उद्या सकाळी येऊन ते तिला घेऊन जातील आणि कुणी त्यांना अडवणार नाही. नोटरीने अजून तसं केलं नाही हा त्याचा भलेपणा आहे. शेवटी तो म्हणतो, “तुमचे यजमान वाईट गृहस्थ नाहीत, बाईसाहेब, हीच तुमची अडचण आहे. ते वाईट असते, तर मला काहीतरी करता आलं असतं.”

ती उठते आणि भर पावसात छत्रीशिवाय चालत जाते.

माझी मुलगी वाचता वाचता थांबली. डचमध्ये विचारलं, तिला सही का करता येत नव्हती, तिला लिहायला येत नव्हतं का?

मी म्हटलं, येत होतं. पण तिची सही खरी धरत नव्हते.

कोण?

कायदा.

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, तुझी धरतात? मी म्हटलं, हो, धरतात की. ती खेळायला गेली. मी तिथेच बसून राहिले. मूळ गोष्टीत ती बाई घर उमगलं म्हणून परतली नव्हती. दुसरा रस्ता नव्हता म्हणून परतली होती. आणि बाईंनी नेमकं तेवढंच कापून तिथे ‘उमगलं’ हा शब्द ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेल्यावर मी त्याचा ड्रॉवर उघडला. लग्नाच्या बारा वर्षांत असं मी कधी केलं नव्हतं. चार्जरच्या वायरी, जुने पासपोर्ट, आणि त्याखाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पुण्यातल्या एका शाळेचा प्रवेश अर्ज. मुलीचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, सगळं त्याच्या अक्षरात भरलेलं. खाली ‘पालकाची सही’ अशी एकच रेघ होती. तिच्यावर त्याची सही होती.

मी फोल्डर होता तसा ठेवला आणि चार दिवस काही बोलले नाही. ते चार दिवस मला अजून आवडत नाहीत. तो सहज म्हणाला, भाजी छान झालीय, तरी मला वाटायचं, हे कशासाठी?

शनिवारी मुलीचा पोहण्याचा क्लास असायचा. इथे प्रत्येक मुलाला पोहायला यावंच लागतं, चहूकडे कालवे. पालक काचेमागच्या बाकावर बसतात. आत क्लोरीनचा वास आणि दमट उकाडा. आम्ही दोघं तिथे बसलो होतो. खाली मुलगी कपड्यांसकट पाण्यात उडी मारायची तयारी करत होती. ती त्यांची परीक्षाच असते.

मी म्हटलं, “शाळेचा फॉर्म कधी भरलास?”

तो पाण्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “ड्रॉवर उघडलास?”

“हो. कधी भरलास?”

“दिवाळीच्या आधी.”

फेब्रुवारी चालू होता. मी विचारलं, बाबांना माहीत आहे ना? तो म्हणाला, त्यांना फक्त शाळा कशी आहे ते बघून यायला सांगितलं होतं. मग त्याने सगळं सांगितलं. कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात वरची जागा निघणार होती, जूनपासून. त्याची आई एकटी होती, तिचं होत नव्हतं. मुलगी मराठीत बोलेनाशी झाली होती. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. मी कान टवकारून गळती शोधत होते, आणि बोलणं सलग होतं. फक्त त्या सगळ्या बोलण्यात मी कुठे नव्हते.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगणारच होतो. नक्की झाल्याशिवाय तुला कशाला टेन्शन?”

खाली शिट्टी वाजली. मुलगी उडी मारून पाण्याखाली गेली आणि बुटांसकट वर आली. आम्ही दोघांनी हात हलवला.

मी म्हटलं, “मला विचारलं असतंस, तर कदाचित मी हो म्हटलं असतं.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?” त्याने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या गुरुवारी मी लायब्ररीच्याच इमारतीत, मोफत कायदेशीर सल्ल्याच्या खिडकीपाशी गेले. तिथे एक तरुण मुलगी होती. तिने मला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. इतकी माया दाखवते आहे म्हणजे बातमी बरी नसणार, असं मला वाटलं, आणि तसंच झालं. नवरा देश सोडून गेला किंवा आम्ही वेगळे राहायला लागलो, तर माझा परवाना संपतो. स्वतःच्या जोरावर परवाना हवा, तर त्याच्यासारखी नोकरी हवी. पाच वर्षं पूर्ण झाली आणि भाषेची परीक्षा पास झाले, तर मात्र स्वतःच्या नावावर अर्ज करता येतो. पाच वर्षं ऑक्टोबरमध्ये भरत होती. ती म्हणाली, तोपर्यंत तुमच्या यजमानांनी इथे राहायला हवं.

माझी सही धरत होते. माझं बँकेत खातं होतं, मुलीवर माझा पूर्ण हक्क होता. त्या नोटरीच्या बायकोच्या मानाने मी राणी होते. तरी बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना मला दोनदा किल्ली चुकली.

खरं सांगायचं तर मला इथे राहायचंच होतं असं नाही. पुण्याची मलाही आठवण येत होती. जून आल्यावर कदाचित मी आनंदाने बॅगा भरल्या असत्या. पण नाही म्हणायची सोय नसताना म्हटलेलं हो माझं मलाच खरं वाटलं नसतं.

पुढच्या बुधवारी वर्ग संपल्यावर मी थांबले. बाई खुर्च्या सरळ करत होत्या. मी तपकिरी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि शेजारी ते पातळ पुस्तक, श्रेयपान उघडून. त्यांनी दोन्ही पाहिली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कॉफी घेऊ या.

आम्ही खिडकीजवळ बसलो. त्या म्हणाल्या की प्रकाशकाने पानांची मर्यादा घातली होती, काहीतरी कापणं भागच होतं. मी ऐकून घेतलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, त्या पुन्हा बोलायला लागल्या. या वेळी सावकाश, मला समजेल अशा शब्दांत.

त्यांची आई खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे लग्न झाल्यावर तिला नोकरी सोडावी लागली. बाई सहा वर्षांच्या असताना आई त्यांना घेऊन एकदा मावशीकडे राहायला गेली होती. काही दिवसांनी परत आली. पुढे आयुष्यभर ती सांगायची, मला तुझ्या बाबांची फार आठवण यायला लागली म्हणून आले. घरात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जायची. वडील गेल्यावर मावशीने बाईंना खरं सांगितलं. आई तिथे कुणाला तरी विचारायला गेली होती, वेगळं राहता येईल का. जे उत्तर मिळालं ते ऐकून परतली.

“मी हे रूपांतर केलं तेव्हा आई जिवंत होती,” बाई म्हणाल्या. “माझं छापलेलं प्रत्येक पुस्तक ती भिंग घेऊन वाचायची. ते प्रकरण तिने वाचलं असतं, तर मला माहीत आहे हे तिला कळलं असतं. तिची गोष्ट मला तिच्या हातातून काढून घ्यायची नव्हती.”

मी विचारलं, “मग छत्री का ठेवली?”

“राहून गेली,” त्या कपाकडे बघत म्हणाल्या.

शेवटच्या पानावर, संवादात, अशी वस्तू राहून जात नाही. मी नऊ वर्षं हेच काम केलं आहे. माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही, आणि पुढे विचारावंसंही वाटलं नाही. क्षणभर तर आईची गोष्टही खरी की माझ्यासाठी रचलेली, असं मनात आलं. मग त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला आणि मला माझीच लाज वाटली.

निघताना त्या म्हणाल्या, “ते प्रकरण तू लिही. सोप्या डचमध्ये. मी तपासते.”

मला तीन आठवडे लागले. दुसऱ्याची प्रुफं तपासणारी मी, माझ्या चार पानांवर त्यांनी एवढ्या लाल खुणा केल्या की कागद दिसेना. तीनदा लिहिलं. वकिलाचं ते वाक्य मला कुठल्याही शब्दांत नीट बसवता येईना; शेवटी बाईंनी त्यातला फक्त एक शब्द हलवला आणि ते उभं राहिलं. एप्रिलमध्ये आम्ही ते वर्गात वाचलं. मीच मोठ्याने वाचलं. या वेळी तेव्हाचा काळच तसा, असं कुणी म्हणालं नाही. तुर्की आजींनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, “माझा पासपोर्ट माझ्या नवऱ्याने सहा वर्षं त्याच्या कपाटात ठेवला होता. हरवू नये म्हणून.” आणि पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून सगळ्यांपुढे फिरवला.

ऑक्टोबरचं मी नवऱ्याला एकदा सांगितलं होतं; त्यापलीकडे घरात त्या दिवसांत आम्ही कामापुरतं बोलत होतो. डबा, दूध, मुलीचे बूट. त्याने एकदा मुलीला विचारलं, आई रोज काय लिहिते? तिने माझे कागद नेले आणि सोफ्यावर बसून त्याला वाचून दाखवायला लागली. त्याला डच येत नाही, ऑफिसात सगळं इंग्रजीत. ती एक वाक्य वाचायची आणि मग तिच्या मोडक्या मराठीत आणि इंग्रजीत अर्थ सांगायची. नोटरी पत्रं उघडतो हे तिने आधीचं म्हणून सांगितलं, तेव्हा तो हसला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. वकिलाचं वाक्य आलं. मुलगी म्हणाली, “तुझा हजबंड वाईट नाही, तोच प्रॉब्लेम आहे, असं तो म्हणतो.”

तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “तुला ऑक्टोबरपर्यंत थांबायचंय?”

मी म्हटलं, “हो. पुढचं आपण दोघांनी ठरवायचं.”

“आणि तेव्हा तू राहायचंच म्हणालीस तर?”

“तर तू मला समजाव. किंवा मी तुला समजावेन.”

दुसऱ्या दिवशी त्याने पुण्याच्या ऑफिसला मेल केली. त्यांनी पाच महिने थांबायला नकार दिला आणि जागा दुसऱ्या कुणाला गेली. हे त्याने मला एका वाक्यात सांगितलं, जेवताना, वाटीत ताक ओतता ओतता. मला वाटलं, आता हे तो मला कधीतरी ऐकवणार. पहिल्या भांडणात, फार तर दुसऱ्या. त्याने अजून ऐकवलेलं नाही. त्याचाही मला संशय येतो. तो खरंच समजलाय, की मनात साठवतोय? बारा वर्षांच्या संसारानंतर हे मला ओळखता येत नाही, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

परीक्षेत वाचनाला मला चांगले गुण पडले. बोलण्याच्या परीक्षेत नापास झाले. त्यात डॉक्टरकडे वेळ मागायचा प्रसंग वठवायचा होता आणि मी डॉक्टरच्या मदतनिसाला तीनदा माफ करा म्हटलं. दुसऱ्या खेपेला पास झाले. त्या तयारीसाठी नवरा रोज माझ्यासमोर डॉक्टर, दुकानदार, घरमालक होऊन बसायचा, मुलीने सांगितलेली वाक्यं देवनागरीत लिहून घेऊन वाचत. त्याचे उच्चार ऐकून मुलगी जमिनीवर लोळायची. वर्षाखेरीला माझं नवं कार्ड आलं. बाईंनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट वाचलं, जणू प्रूफच.

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं पुण्याला गेलो आणि ती शाळा बघितली. वर्ग बंद होते, ऑफिस उघडं होतं. मुलीने तिथल्या क्लार्कना अर्ध्या मराठीत विचारलं, स्विमिंग आहे का? ते म्हणाले, नाही, पण कराटे आहे. ती विचारात पडली. परतताना रिक्षात मी नवऱ्याला म्हटलं की वर्ग अंधारे आहेत. तो म्हणाला, तू आल्यापासून चुकाच शोधते आहेस. मी म्हटलं, तू एक तरी शोध. त्याच्या आईच्या घरापर्यंत आम्ही भांडत गेलो, मुलगी मधे बसून कधी त्याची बाजू घेत होती, कधी माझी. रिक्षावाल्याने उतरताना विचारलं की मुलीला इथे टाकताय का.

आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं, अजून ठरलं नाही.